दोन भाषांच्या मुलाची तपासणी शिकवणारा वर्ग: पुण्यातील एका प्रशिक्षणाचे परीक्षण

स्पीच थेरपीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला पुण्यात पहिली नोकरी मिळणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते समोर बसलेल्या मुलाच्या दोन्ही भाषा नीट तपासून त्याच्याबद्दल खात्रीने काही सांगता येणे. कर्वे रस्त्यालगतच्या एका वाचा-भाषा उपचार केंद्रात पदवीधरांसाठी सहा महिन्यांचा एक प्रशिक्षणवर्ग चालतो आणि तो नेमका याच कामासाठी आहे. मी तो पूर्ण केला आहे. केंद्राचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही मुलांच्या आणि रुग्णांच्या तपासणीचे तपशील येतात आणि केंद्र ओळखले गेले तर ती कुटुंबेही ओळखली जाण्याची शक्यता आहे. तरीही सविस्तर लिहीत आहे, कारण द्विभाषिक कामात करिअर करू पाहणाऱ्या नव्या थेरपिस्टला अशा वर्गाकडून काय मागावे, कशाची अपेक्षा ठेवावी आणि कशाची ठेवू नये, हे सांगणारे मराठीत फारसे काही सापडत नाही.

हा वर्ग पदवीला पर्याय नाही आणि केंद्रही तसे कधी भासवत नाही, याचे श्रेय त्यांना प्रथम दिले पाहिजे. भारतात वाचा-भाषा तज्ज्ञ म्हणून काम करायचे तर बारावी विज्ञानानंतर बी.ए.एस.एल.पी. हा श्रवण आणि वाचा-भाषा विषयातला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे, पूर्ण करावा लागतो आणि १९९२ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. पुढे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ ही या शिक्षणाची आपल्याकडे परिचित असलेली ठिकाणे. या वर्गाच्या प्रवेश अर्जावर नोंदणी क्रमांकाचा रकाना सक्तीचा आहे. माझ्या तुकडीच्या वेळी काही विशेष शिक्षिका आणि एक समुपदेशक प्रवेशासाठी आले होते. त्यांना एका खुल्या व्याख्यानाला बसू देण्यात आले, पण मुलांच्या तपासणीच्या सत्रांत प्रवेश दिला गेला नाही. ज्या शहरात आठवड्याभराच्या शिबिरानंतर लोक ‘थेरपी’ची पाटी लावतात, तेथे ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

मग पदवी असताना या वर्गाची गरज का भासते, हा प्रश्न उरतो. आपल्या पदवीच्या अभ्यासात मेंदू, कान, स्वरयंत्र आणि गिळण्याची क्रिया यांचे शिक्षण चांगले होते. पण मूल कोणत्या वयात कोणता ध्वनी, कोणती वाक्यरचना बोलते याचे जे तक्ते आपण पाठ करतो, त्यांतले बहुसंख्य इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून तयार झालेले असतात. ते तक्ते हाती घेऊन कोथरूडमधल्या किंवा हडपसरमधल्या मुलाची मराठी मोजायला बसले की मोजमापच चुकते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि सोसायटीच्या मैदानावर हिंदी असलेले मूल तर त्या तक्त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. वर्गाच्या संचालिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, पहिल्याच दिवशी हे स्पष्ट करतात की थेरपिस्टला दोन भाषा बोलता येणे आणि त्याला दोन भाषांत काम करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला येते, दुसरी शिकावी लागते. पुढचे सहा महिने या एका विधानाचा विस्तार आहेत.

सुरुवात केस हिस्टरीपासून, म्हणजे मुलाची पूर्वमाहिती विचारून घेण्यापासून होते आणि मला वाटते की वर्गातला सर्वांत उपयुक्त भाग हाच आहे. आपण सहसा पालकांना विचारतो, ‘घरी कोणती भाषा बोलता?’ आणि उत्तर मिळते, ‘मराठी.’ येथे तो प्रश्न तुकड्यातुकड्यांनी विचारायला शिकवतात: आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, रागावते कोणत्या भाषेत, आजी-आजोबा घरी असतात का, सांभाळायला येणाऱ्या मावशी कोणती भाषा बोलतात, पाळणाघर कोणाचे आहे, मोबाइलवरची गाणी आणि कार्टून कोणत्या भाषेत चालतात, आई-वडील आपसात काय बोलतात आणि मूल खेळताना स्वतःशी काय बोलते. दिवसाचे तास मांडून त्यातल्या प्रत्येक तासाला भाषा लावायची असा तक्ता भरून घेतात. प्रौढ रुग्णांसाठी भाषिक अनुभवाची विचारपूस करणारी २००७ साली प्रसिद्ध झालेली लीप-क्यू ही प्रश्नावली दाखवतात, पण ती जशीच्या तशी न वापरता आपल्या घरांप्रमाणे प्रश्न कसे बदलायचे यावर अधिक वेळ देतात. ‘घरी मराठी’ असे सांगणाऱ्या एका कुटुंबातील मुलीचा तक्ता भरल्यावर लक्षात आले की तिच्या जागेपणीच्या तासांतला अर्ध्याहून अधिक काळ हिंदी बोलणाऱ्या मावशींबरोबर जातो. तिची मराठी मागे आहे, हे खरे होते. पण तो विकार नव्हता, तिच्या कानावर मराठी पुरेशी पडतच नव्हती. हे हिंदीतील तपासणीने सिद्ध झाले.

त्यानंतर ध्वनींवर बराच काळ थांबतात आणि तसे थांबणे योग्य आहे, कारण पुण्यातल्या थेरपिस्टकडे येणाऱ्या तक्रारींत ‘बोबडे बोलतो’ ही तक्रार नेहमीची आहे. मराठीतला ‘ळ’ इंग्रजीत नाही आणि प्रमाण हिंदीतही नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ लिहायला एकच असला तरी उच्चाराला वेगळा आहे आणि इंग्रजी माध्यमातले मूल पुष्कळदा त्यांतला एकच उचलते. ‘पळ’ आणि ‘फळ’ यांच्यातला श्वासाचा फरक मराठीत अर्थ बदलतो, इंग्रजीत बदलत नाही. हे सारे आपल्याला मराठीभाषक म्हणून ठाऊक असते, पण तपासणीच्या कागदावर ते कसे नोंदवायचे हे येथे शिकायला मिळाले. शिवाय बोलीचा प्रश्न आहे. हिंजवडीत राहणाऱ्या, मूळ विदर्भातल्या कुटुंबातला पाच वर्षांचा एक मुलगा शाळेने पाठवला होता. त्याच्या यादीत ‘डोळे’ ऐवजी ‘डोये’, ‘केळी’ ऐवजी ‘केयी’ असे उच्चार होते आणि शाळेच्या चिठ्ठीत त्यांच्यावरच भर होता. त्याचे वडील माहिती देत असताना स्वतः तसेच बोलत होते, कारण वऱ्हाडीत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो. तो दोष नव्हता, ती त्याच्या घरची भाषा होती. पण त्याच मुलाने ‘काय’ ला ‘ताय’ आणि ‘कप’ ला ‘तप’ म्हटले, म्हणजे ‘क’ च्या जागी ‘त’ मराठी शब्दांतही येत होता आणि इंग्रजी शब्दांतही. पाचव्या वर्षी ही अदलाबदल राहणे ही खरी अडचण होती. मॅडमनी उपचाराचे पहिले ध्येय ‘क’ ठेवले, कारण तो ध्वनी दोन्ही भाषांत आहे आणि एका भाषेत केलेल्या सरावाचा लाभ दुसरीतही दिसू शकतो. बोली आणि विकार एकाच मुलात, एकाच वाक्यात शेजारी-शेजारी असू शकतात आणि त्यांना वेगळे करणे हेच आपले काम आहे, हे या एका केसने जितके नीट समजले तितके कोणत्याही व्याख्यानाने समजले नसते.

व्याकरणाचा भाग थोडा जड जातो, पण तो टाळून चालत नाही. वाक्याची सरासरी लांबी मोजून मुलाची भाषा किती वाढली आहे ते पाहण्याची रीत रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली इंग्रजी मुलांवरच्या अभ्यासातून रूढ केली. ती लांबी आपण घाईत शब्दांनी मोजू लागलो तर मराठी मुलावर अन्याय होतो, कारण मराठीत नाम, सामान्यरूप, विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय एकाच शब्दात गुंफले जातात. ‘आजीच्या घरातल्यांना सांग’ हे तीन शब्दांचे वाक्य आहे, पण ते बोलणाऱ्या मुलाने त्यात किती घटक बरोबर जोडले आहेत, हे सुटे केल्याशिवाय दिसत नाही. वर्गात आम्ही भातुकली खेळणाऱ्या, चित्रे पाहून गोष्ट सांगणाऱ्या मुलांच्या ध्वनिफिती ऐकून शब्दशः उतरवून घेतल्या आणि मग घटक मोजले. हे काम कंटाळवाणे आहे, एका छोट्या ध्वनिफितीला पूर्ण संध्याकाळ जाते, आणि तरीही मी ते पुन्हा आनंदाने करीन. ‘मी पोळी खाल्ली’ येथे क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते, ही मराठीची चाल आहे. ‘मी पोळी खाल्लो’ म्हणणारा मुलगा नियम चुकीच्या जागी लावतो आहे की त्याला नियमच उमगलेला नाही, हे पुढच्या दहा-बारा वाक्यांवरून ठरते. तीन लिंगांचेही तसेच. आणि ‘मी बॉल थ्रो केला’ हे वाक्य ऐकून दचकू नये, हेही येथे निक्षून सांगतात. इंग्रजी क्रियापदाला ‘करणे’ जोडण्याची ही रचना पुण्यातली मोठी माणसे रोज वापरतात. मुलाने ती उचलली म्हणजे त्याने आपल्या आसपासची भाषा बरोबर उचलली. त्या वाक्यात ‘केला’ हे रूप ‘बॉल’ च्या लिंगाशी जुळले आहे, म्हणजे मराठीचे व्याकरण शाबूत आहे, याकडे लक्ष वेधले गेले तेव्हा वर्गातल्या अनेकांनी आपापल्या वहीतल्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या.

शब्दसंपत्ती मोजण्याची जी पद्धत येथे वापरतात ती मला विशेष न्याय्य वाटते. मुलाला ‘चमचा’ फक्त मराठीत माहीत आहे आणि ‘ट्रँगल’ फक्त इंग्रजीत, तर एका भाषेचीच यादी घेतली असता ते दोन्हीकडे कमी भरते. म्हणून वस्तू किंवा कल्पना मुलाला कोणत्याही एका भाषेत ठाऊक असेल तर ती मोजायची, आणि मग दोन्ही भाषांतली बेरीज पाहायची. त्याला जोड म्हणून गतिमान तपासणी शिकवतात: आधी तपासायचे, मग थोडे शिकवायचे आणि पुन्हा तपासायचे. ज्या मुलाला भाषा पुरेशी मिळालेली नाही ते थोड्या शिकवण्याने झपाट्याने पुढे जाते. ज्याला भाषा शिकण्यातच अडचण आहे त्याला तेवढ्याच शिकवण्याने फारसा फरक पडत नाही. एलिझाबेथ पेन्या यांच्यासारख्या संशोधकांनी अमेरिकेतल्या स्पॅनिश-इंग्रजी मुलांसाठी ही रीत विस्ताराने तपासली आहे आणि ज्या भाषांत प्रमाणित चाचण्या तोकड्या आहेत तेथे तिचा आधार मोठा आहे. मराठीसाठी तर ती जवळजवळ अनिवार्य म्हटली पाहिजे.

आता ज्या एका मुद्द्यासाठी मी हा वर्ग प्रत्येक नव्या थेरपिस्टला सुचवीन, त्याकडे येतो. मुलाला बोलायला उशीर झाला की घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो, असा सल्ला पुण्यातल्या पालकांना आजही मिळतो. शाळेकडून मिळतो, शेजाऱ्यांकडून मिळतो आणि खेदाने सांगावे लागते की आपल्या व्यवसायातल्या लोकांकडूनही मिळतो. दोन भाषा ऐकल्याने भाषाविकार होतो याला आधार नाही. भाषा शिकण्यात खरी अडचण असेल तर ती मुलाच्या दोन्ही भाषांत दिसते, आणि एक भाषा काढून घेतल्याने ती जात नाही. स्वमग्न मुलांवर आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतही द्विभाषिक वातावरणामुळे त्यांची भाषा अधिक मागे पडल्याचे दिसलेले नाही. या सल्ल्याचा परिणाम मात्र घरात दिसतो. ज्या आजीला इंग्रजी येत नाही ती नातवाशी बोलणे कमी करते. आई आपल्याला अवघड वाटणाऱ्या भाषेत तोकडी वाक्ये बोलू लागते. म्हणजे ज्या मुलाला भाषेची सर्वाधिक गरज आहे त्याच्या वाट्याला सर्वांत कमी आणि सर्वांत कोरडी भाषा येते. वर्गातल्या एका पालक-भेटीत एका आजींनी विचारले, ‘मग मी त्याच्याशी मराठीत बोललं तर चालेल ना?’ आणि मॅडम म्हणाल्या, ‘आजी, चालेल नव्हे, तुम्ही बोलायलाच हवं. रोज त्याला जवळ घेऊन गोष्ट सांगा, हाच त्याचा होम प्रोग्राम.’ त्या उत्तरामागे कोणते पुरावे आहेत, पालकांना ते सोप्या शब्दांत कसे सांगायचे, शाळेला त्याबद्दल पत्र कसे लिहायचे, हे सगळे वर्गात करून घेतले जाते. अहवाल मराठीत लिहिण्याचा सराव हाही याच भागात येतो. आपण आयुष्यभर इंग्रजीत अहवाल लिहितो आणि आई-वडील ते फाइलमध्ये लावून ठेवतात. वाचून समजेल असा मराठी अहवाल लिहिणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकवणारे दुसरे ठिकाण मला माहीत नाही.

थेरपिस्टला न येणारी तिसरी भाषा समोर आली तर काय करायचे, याचे उत्तरही हा वर्ग जबाबदारीने देतो. बांधकामावर काम करणाऱ्या तेलुगूभाषक कुटुंबातील एक मुलगी आली होती. तिला वस्तीतली मराठी थोडी येत होती, पण तिची भाषा खऱ्या अर्थाने तेलुगूच होती. तिच्या मोठ्या भावाला दुभाषा करण्याचा सोपा मार्ग मॅडमनी नाकारला, कारण लहान मुलावर असे ओझे टाकू नये आणि भाऊ बहिणीची चुकलेली वाक्ये सहजच दुरुस्त करून सांगतो. तेलुगू बोलणाऱ्या एका प्रौढ स्वयंसेविकेला आधी बसवून तपासणीचा हेतू समजावला, मूल जे आणि जसे बोलेल ते तसेच सांगायचे हे ठरवले आणि सत्र झाल्यावर पुन्हा तिच्याशी बसून प्रत्येक नोंद पडताळली. वेळ दुप्पट लागला. पण त्याशिवाय त्या मुलीला ‘मतिमंद’ असा शिक्का लागला असता, याविषयी मला शंका नाही.

प्रौढांच्या उपचारांचा भाग मात्र फार तोकडा आहे आणि ही या वर्गाची सर्वांत मोठी उणीव आहे. पक्षाघातानंतर वाचा गेलेले ज्येष्ठ नागरिक पुण्यात थोडे नाहीत आणि त्यांतले बहुतेक दोन-तीन भाषा बोलणारे असतात. आधी शिकलेली भाषा आधी परतते, असे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांचे म्हणणे. आजारापूर्वी सर्वाधिक वापरात असलेली भाषा आधी परतते, असे १८९५ साली फ्रेंच वैद्य पित्र यांनी मांडले. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्णांच्या भाषा साधारण बरोबरीने सुधारतात, पण अपवाद इतके आहेत की प्रत्येक रुग्णाची प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे तपासावी लागते. मिशेल पॅराडी यांनी १९८७ साली द्विभाषिक वाचाघातासाठी जी चाचणी प्रसिद्ध केली तिचा नुसता उल्लेख होतो, ती हाताळायला मिळत नाही. बालपणी घरात कानडी, आयुष्यभर बँकेत इंग्रजी आणि संसारात मराठी अशा एका निवृत्त गृहस्थांची ध्वनिचित्रफीत दाखवली गेली. त्यांची मराठी अडखळत होती, पण आकडे आणि हिशोब ते इंग्रजीत सहज सांगत होते. त्यांच्याबरोबर उपचार कोणत्या भाषेत सुरू करावेत यावर वर्गात उत्तम चर्चा झाली, पण ती एका संध्याकाळीच संपली. ज्यांना रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभागाबरोबर काम करायचे आहे त्यांनी केवळ या वर्गावर विसंबू नये.

करिअरविषयीचे मार्गदर्शन हा जाहिरातीतला मोठा मुद्दा आहे आणि तेथेही मला समाधान मिळाले नाही. नोकऱ्या कोठे आहेत हे सांगितले जाते: खासगी क्लिनिक, रुग्णालये, कर्णबधिर मुलांच्या शाळा, कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचे (कानात श्रवणयंत्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे) पुनर्वसन, २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आणि अलीकडे ऑनलाइन सत्रे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत आणि त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे आले आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या तपासणीतही आपल्या अहवालाला वजन आहे, हेही सांगतात. पण पगार किती मागावा, क्लिनिकमध्ये टक्केवारीवर काम करताना करार कसा वाचावा, मराठी-इंग्रजी दोन्हींची तपासणी करायला दुप्पट वेळ लागतो तर शुल्क कसे आकारावे, याबद्दल संकोचाने बोलले जाते. द्विभाषिक तपासणी मनापासून करणाऱ्या थेरपिस्टला दिवसाला कमी मुले पाहता येतात, हे आर्थिक सत्य आहे. ते नव्या थेरपिस्टना मोकळेपणाने सांगितले नाही तर ते वर्षभरात थकून पुन्हा पंचेचाळीस मिनिटांच्या ठरावीक सत्रांकडे वळतात आणि शिकलेले सारे बाजूला पडते.

परदेशाबद्दल जी माहिती देतात ती मात्र प्रामाणिक आहे. अमेरिकेत वाचा-भाषा तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र हवे तर पदव्युत्तर पदवी, ४०० तासांचे देखरेखीखालील प्रात्यक्षिक, परीक्षा आणि किमान ३६ आठवड्यांचा मार्गदर्शनाखालील उमेदवारीचा काळ या पायऱ्या आहेत. तेथील वाचा-श्रवण तज्ज्ञांची संघटना द्विभाषिक सेवा देणाऱ्याकडून त्या भाषेवर मातृभाषकासारखे किंवा त्याच्या जवळ जाणारे प्रभुत्व अपेक्षिते, आणि न्यूयॉर्क राज्यात शाळांमधल्या अशा कामासाठी द्विभाषिक विस्तार नावाची वेगळी पात्रता आहे. पण तिकडच्या द्विभाषिक जागा प्रामुख्याने स्पॅनिशसाठी असतात, मराठीच्या बळावर नोकरी मिळेल अशी आशा धरू नये, हेही मॅडम स्वच्छ सांगतात. मराठीतल्या कौशल्याला मागणी आहे ती येथे, पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, साताऱ्या-नगरच्या तालुक्यांच्या गावांत.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. तपासणीची खोली काचेच्या भिंतीआडून पाहता येते आणि ध्वनिमुद्रण चांगले होते. व्याख्यानाची खोली मात्र रस्त्याच्या बाजूला असल्याने संध्याकाळी गाड्यांचा गोंगाट आत येतो आणि मुलांच्या ध्वनिफिती ऐकताना त्याचा त्रास होतो. टिपणे झेरॉक्सच्या स्वरूपात मिळतात, काही इतकी फिकट असतात की तक्ते वाचता येत नाहीत. उर्दू आणि दखनी बोलणाऱ्या मुलांवर एकही स्वतंत्र सत्र नाही. कॅम्प, कोंढवा आणि येरवडा भागांत काम करणाऱ्यांसाठी ही उणीव गंभीर आहे. शुल्क नव्या पदवीधराच्या साधारण एका महिन्याच्या पगाराइतके आहे, ते दोन हप्त्यांत भरता येते. माझ्या तुकडीला पुनर्वसन परिषदेचे निरंतर शिक्षणाचे गुण मिळाले नाहीत. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ते लागतात, म्हणून प्रवेशापूर्वी हा प्रश्न लेखी विचारून घ्यावा.

ज्याची पदवी नुकतीच झाली आहे आणि ज्याने अजून एकदाही स्वतंत्रपणे केस हाताळलेली नाही, त्याने वर्षभर कोठेतरी काम करून मग येथे यावे, कारण वर्गातल्या चर्चा स्वतःच्या केसेस मांडून होतात आणि त्या नसतील तर माणूस श्रोता म्हणून बसून राहतो. मुलांबरोबर काम करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टने मात्र पुढच्या तुकडीसाठी आजच नाव नोंदवावे. प्रौढांच्या वाचाघातावर स्वतंत्र दोन महिन्यांचा भाग सुरू करण्याचा विचार चालू आहे, असे शेवटच्या आठवड्यात सांगण्यात आले. त्यात प्रत्यक्ष रुग्ण आणि दोन्ही भाषांतल्या चाचण्या हाताळायला मिळणार असतील, तर मी पुन्हा शुल्क भरून बसायला तयार आहे आणि तसे मी त्यांना कळवलेही आहे.